तुमच्या नायिकेचा कॉन्सुल कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९३१ सालचं शांघाय. नायक जर्मन पत्रकार, आतून मॉस्कोचा हेर. नायिका एका ब्रिटिश बँक अधिकाऱ्याची बायको. तीन खर्डे झाले, तरी प्रेमकथा आणि राजकारण एकजीव होत नाही. एक प्रकरण बागेतलं, एक प्रकरण बंदुकीचं, अशी आलटून पालटून दोन पुस्तकं चाललेली वाटतात. काय करावं?

पाठवलेली प्रकरणं वाचली. भाषा चांगली आहे. धुकं जरा जास्तच आहे, पण ते काढता येईल. जे कुठेच सापडलं नाही ते म्हणजे तुमच्या पात्रांचे कागद.

माझी स्वतःची फजिती आधी सांगतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या संपादनाच्या कामाला लागण्यापूर्वी, म्हणजे बावीस-तेवीस वर्षांपूर्वी, मीही शांघायवर एक दीर्घकथा लिहिली होती. त्यात एका इंग्रज बाईला चिनी न्यायाधीश शिक्षा ठोठावतो, नायक कोर्टाबाहेर पावसात उभा, वगैरे. एका दिवाळी अंकात ती छापूनही आली. महिन्याभरात एका निवृत्त प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं, त्यात एकच ओळ: ‘बाईंचा कॉन्सुल झोपला होता काय?’ कॉन्सुल म्हणजे परदेशी शहरात आपल्या देशाच्या नागरिकांची बाजू सांभाळणारा सरकारी अधिकारी. ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे.

शांघाय कधीच कुणाची रीतसर वसाहत नव्हतं. १८४२ च्या नानकिंगच्या तहानंतर, १८४३ साली हे बंदर ब्रिटिशांना खुलं झालं. ब्रिटिश आणि अमेरिकन वस्त्या एकत्र होऊन १८६३ साली इंटरनॅशनल सेटलमेंट झाली, फ्रेंचांनी आपलं कन्सेशन, म्हणजे आपल्या कारभाराखालचा भाग, वेगळंच ठेवलं, आणि उरलेलं शहर चिनी सरकारचं. एका गावात तीन कारभार, तीन पोलीसदलं. रस्ता ओलांडला की पोलिसाचा गणवेश बदले. हे तुम्ही छान रंगवलंय. पण त्याच्याखालची गोम सुटली: परदेशी माणसाच्या बाबतीत कायदा जागेला चिकटलेला नव्हता, माणसाला चिकटलेला होता. ब्रिटिशाने गुन्हा केला तर खटला शांघायमधल्याच ब्रिटिश न्यायालयात, अमेरिकनाचा अमेरिकेच्या न्यायालयात. पकडणारा सेटलमेंटचा शिपाई तोच, कोठडीही तीच. पुढची वाट मात्र पासपोर्ट बघून फुटायची. ज्याच्या पाठीशी असा कॉन्सुल नाही तो चिनी न्यायालयात जायचा, आणि १९२७ च्या एप्रिलमध्ये चीनच्या राष्ट्रवादी पक्षाचा सेनानी च्यांग काय-शेकने कम्युनिस्टांची कत्तल केल्यानंतर त्या न्यायालयात लाल असल्याचा आरोप म्हणजे गळ्याशीच गाठ.

आता तुमच्या दोघांकडे बघा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने चीनमधला हा विशेष हक्क गमावला होता, १९२१ च्या कराराने त्यावर शिक्का बसला. म्हणजे तुमचा नायक गोरा असला, क्लबात बसत असला, तरी कायद्याने चिनी न्यायालयाच्या हातात. नायिका ब्रिटिश. दोघं एकाच खोलीत, एकाच सुटकेसजवळ सापडले, तर ती फार तर बोटीत बसून घरी जाईल आणि तो मरेल. आणि तिने नवऱ्याला सोडून त्याच्याशी लग्न केलं तर? त्या काळच्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे परदेश्याशी लग्न करणारी बाई नवऱ्याच्या राष्ट्रीयत्वाची होई. रजिस्टरात सही केल्याक्षणी तिचा कॉन्सुल गेला. मग तिला त्याच्यासाठी काय सोडावं लागेल हे सांगायला तुम्हाला चंद्रप्रकाशातला संवाद लागत नाही. तुम्ही वेगळं राजकारण शोधत बसलात, ते त्यांच्या बिछान्यात आधीच झोपलेलं होतं.

खऱ्या घटनांमध्ये हे किती ठसठशीत दिसतं ते सांगतो.

१९३१ च्या १५ जूनला सेटलमेंट पोलिसांनी नूलांस नावाच्या एका परदेशी गृहस्थाला आणि त्याच्या बायकोला धरलं. सिंगापूरमध्ये पकडलेल्या एका फ्रेंच कम्युनिस्ट निरोप्याकडे शांघायच्या टपालपेटीचा पत्ता सापडला होता, त्यावरून माग निघाला. प्रत्यक्षात हा याकोव रुदनिक, कॉमिन्टर्नच्या, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या, पूर्व आशियातल्या कामाचा पैसा आणि टपाल सांभाळणारा. बायको तात्याना मोइसेयेन्को. त्यांच्याकडे अनेक घरं, अनेक टपालपेट्या, अनेक नावं आणि अनेक पासपोर्ट. सुरुवातीला ते बेल्जियन म्हणवत होते. बेल्जियमच्या वकिलातीने हात झटकले. मग स्विस, स्वित्झर्लंडनेही ओळख दिली नाही. मॉस्को तर गप्पच, कारण ओळख द्यायची म्हणजे सगळंच कबूल करायचं. एकही कॉन्सुल पुढे येईना म्हणून नवरा-बायको चिनी सरकारच्या ताब्यात गेले. १९३२ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि ती जन्मठेपेवर आली. आइनस्टाइन, क्लारा झेटकिन, सन यत-सेनच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांच्यापर्यंत सगळ्यांनी त्यांच्यासाठी आवाज उठवला, पण ती दोघं सुटली ती १९३७ मध्ये, नानकिंगवर जपानी बॉम्ब पडू लागले तेव्हा. त्यांचा छोटा मुलगाही शांघायमध्येच होता. त्या मुलाला बरीच नावं आणि एकापेक्षा जास्त भाषा येत असतील, पण आपण कोण हे सांगायचं नाही एवढं नक्की शिकवलेलं असणार. तुमच्या कादंबरीत एकही मूल नाही, हे जाता जाता.

मॉस्कोचा प्रसिद्ध हेर रिचर्ड सोर्गे त्याच वेळी तिथे होता. तुमचा नायक त्याच्यावरूनच बेतलाय हे लपत नाही. १९३० च्या जानेवारीत तो आला, स्वतःच्या खऱ्या नावाने, जर्मन पत्रकार आणि अभ्यासक म्हणून. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला पाय, मोटारसायकलचं वेड, दारू, बायका. हे सगळं तुम्ही घेतलंय आणि चरित्रांमधून कुणीही घेईल. तुम्ही सोडलंय ते त्याच्या कामातलं बारीकसारीक. त्याला ओझाकी होत्सुमी, म्हणजे त्याचा पुढे सर्वांत मोलाचा ठरलेला जपानी सहकारी, मिळाला तो अ‍ॅग्नेस स्मेडलीमुळे. आणि ओझाकीला तो बरीच वर्षं ‘जॉन्सन’ नावाचा अमेरिकन पत्रकार म्हणूनच माहीत होता. पुढे ७ नोव्हेंबर १९४४ ला तोक्योत एकाच दिवशी दोघं फासावर गेले.

स्मेडली आपल्याला अगदीच परकी नाही. मिसूरीत गरिबीत जन्मलेली ही अमेरिकन बाई बर्लिनमध्ये सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर अनेक वर्षं राहिली. म्हणूनच शांघायमधल्या ब्रिटिश पोलिसांची तिच्यावर नजर होती. त्यांना आधी भीती हिंदी क्रांतिकारकांची, रशियनांची नंतर. सोर्गेशी तिचं जवळचं नातं होतं, आणि त्याच नात्याच्या वाटेने त्याला चिनी आणि जपानी ओळखी मिळाल्या. १९३७ मध्ये चिनी सेनापती चू दे यांनी नेहरूंना वैद्यकीय मदतीसाठी पत्र लिहिलं त्यामागेही स्मेडलीच. त्या पत्राच्या पोटी १९३८ चं वैद्यकीय पथक, आणि त्या पथकातून सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. प्रेमप्रकरणांचे धागे कुठून कुठे जातात बघा. हे तुमच्या कादंबरीत घालू नका, मात्र लिहिताना डोक्यात असू द्या.

सोर्गेचा बिनतारी यंत्रवाला मॅक्स क्लाउझेन याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. एरियलसाठी त्याला इमारतीतली वरची खोली हवी होती. तिथे आना नावाची एकटी रशियन बाई राहत होती, क्रांतीतून पळून आलेली, बोल्शेविकांचं नाव काढलं की संतापणारी. तो खोली बदलून मागायला गेला. तिने नकार दिला. पुढे दोघं प्रेमात पडली. मॉस्कोला हे लग्न पसंत नव्हतं, त्याने ऐकलं नाही. आणि काही वर्षांनी हीच आना तोक्योहून शांघायला मायक्रोफिल्म पोहोचवत होती. एरियल नसती तर हे प्रेमही नसतं. तुमच्या नायक-नायिकेची भेट रेसकोर्सवर हातरुमाल पडल्यामुळे होते. हातरुमाल उचलायला कुणीही वाकेल. वरच्या मजल्यावरची खोली मागायला एकाच धंद्यातला माणूस येतो.

उर्सुला कुचिन्स्कीकडे जरा थांबून बघा, कारण तुमच्या नायिकेत ती असायला हवी आणि नाही. बर्लिनची ज्यू मुलगी, जन्म १९०७. नवरा रुडॉल्फ हांबुर्गर आर्किटेक्ट, सेटलमेंटच्या म्युनिसिपल कौन्सिलच्या नोकरीत. परिचारिकांसाठी बांधलेलं व्हिक्टोरिया होम त्याच्या हातचं. म्हणजे ज्या कौन्सिलचे पोलीस कम्युनिस्टांना शोधत होते, तिच्याच पगारावर हे घर चालत होतं. १९३० मध्ये स्मेडलीशी ओळख, तिच्यामार्फत सोर्गे घरी. मग फ्रेंच कन्सेशनमधल्या त्या घराच्या वरच्या खोलीत बैठका. उर्सुला त्या बैठकांत बसत नसे. ती खाली चहा बघे, कोण येतं-जातं ते बघे, अंगावरच्या बाळाला फिरवे. कपाटात काय ठेवलंय ते तिने विचारायचं नाही. पाहुण्यांना जेवायला बोलावणारी कौन्सिल आर्किटेक्टची बायको हेच तिचं काम होतं. पुढे ‘सोन्या’ या नावाने ती जगभर पोहोचली आणि इंग्लंडमध्ये अणुशास्त्रज्ञ क्लाउस फुक्सची कागदपत्रं तिने मॉस्कोला पोहोचवली, पण सुरुवात चहाच्या ट्रेने झाली. सोर्गेच्या मोटारसायकलवर मागे बसून शहराबाहेर मारलेल्या फेरीबद्दल तिने स्वतः लिहिलंय. बाकी हातचं राखून. तुम्हीही राखा. तुमचं सातवं प्रकरण सगळं दाखवतं आणि म्हणून काहीच राहत नाही.

१९३३ मध्ये तिला प्रशिक्षणाला मॉस्कोला बोलावलं. अट एकच, मुलाला आणायचं नाही. परत येताना त्याच्या बोलण्यात रशियन शब्द आले तर आईचं बिंग फुटेल. तीन वर्षांचंही नसलेलं पोर तिने चेकोस्लोव्हाकियात आजी-आजोबांकडे ठेवलं आणि सात महिन्यांनी ती परतली. ही गोष्ट मी अनेक लेखकांना सांगतो. धोका म्हणजे नेहमी पिस्तूलच असं नाही, बोबड्या तोंडातला एखादा शब्दही असतो. आणि रुडॉल्फ? त्याला सगळं उमगत होतं. तो थांबला, सांभाळत राहिला, पुढे स्वतःही त्याच कामात शिरला आणि सोव्हिएत छावण्यांत वर्षं काढून आला. तुमचा बँकवाला नवरा नुसता ढेरपोट्या मूर्ख आहे. त्याला काहीच कळत नाही असं ठेवण्यापेक्षा त्याला सगळं कळतंय आणि तरी तो रोज सकाळी टाय बांधून बँकेत जातोय असं केलंत, तर कादंबरीचा तोल एका झटक्यात बदलेल.

बँकेचा विषय निघालाच आहे तर: मोठ्या ब्रिटिश बँकांमध्ये कनिष्ठ गोऱ्या नोकराला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे आणि ती वर्षानुवर्षं मिळत नसे. तरुण पोलिसांचीही तीच गत. दुसऱ्या बाजूला हजारो रशियन निर्वासित, कुणाचंच राष्ट्रीयत्व नसलेले. एखादी रशियन मुलगी ब्रिटिशाशी लग्न करी त्या दिवशी ती ब्रिटिश होई, तिला कॉन्सुल मिळे. तिचं प्रेम खरं की कागदासाठी, हा प्रश्न शहर तिला विचारतच राही. तीही स्वतःला विचारत असेल. तुमची नाचघरातली रशियन ‘राजकन्या’ दोन वाक्यांत येते आणि जाते. खरं तर दुसरी कादंबरी तिच्यात आहे.

एमिली हानची हकीकत काल्पनिक असती तर मीच संपादक म्हणून कापली असती, इतकी ती जुळवून आणल्यासारखी वाटते. ही अमेरिकन लेखिका १९३५ मध्ये थोडे दिवस म्हणून शांघायला आली आणि राहिली. व्हिक्टर ससूनच्या वर्तुळात रमली. हा ससून म्हणजे आपल्या मुंबईच्या गिरण्यांचे मालक ते ससून. मुंबईतून पैसा काढून त्याने शांघायच्या ‘बंद’ या नदीकाठच्या रस्त्यावर कॅथे हॉटेल उभं केलं. हान मात्र प्रेमात पडली शाओ शुन-मेइ या केंब्रिजला शिकलेल्या, बायकामुलं असलेल्या, अफू ओढणाऱ्या कवीच्या. १९३७ मध्ये जपान्यांनी शहराचा बराच भाग घेतला. शाओचा छापखाना त्यात अडकला. चिन्याची मालमत्ता म्हणून तो जप्त झाला असता, अमेरिकन बाईची म्हणून नाही. तेव्हा दोघांनी वकिलासमोर कागद केला, ही माझी बायको म्हणून. छापखाना सुटला.

नंतर हान हाँगकाँगला गेली, तिथे चार्ल्स बॉक्सर या ब्रिटिश लष्करी गुप्तवार्ता अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना मुलगी झाली. नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडलं, बॉक्सर जखमी होऊन युद्धकैदी, आणि अमेरिकन नागरिकांची रवानगी स्टॅन्लीच्या छावणीत. तेव्हा हानने जुना कागद पुढे केला: मी चिन्याची बायको. ज्या कागदाने अमेरिकन असल्याचा फायदा एका चिन्याला दिला, त्याच कागदाने चिनी असल्याचा फायदा अमेरिकन बाईला दिला. ती बाहेर राहिली आणि कैदेतल्या बॉक्सरला डबे पोहोचवत राहिली. १९४३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती मुलीला घेऊन जपानी बोटीने निघाली. ती बोट आणि अमेरिकनांना न्यायला आलेली ग्रिप्सहोल्म, दोन्ही भेटल्या त्या तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातल्या मुरगाव बंदरात. बॉक्सर युद्धातून जगला, १९४५ मध्ये दोघांचं लग्न झालं, आणि पुढे तो पोर्तुगीज साम्राज्याचा, त्यात गोव्याचाही, नावाजलेला इतिहासकार झाला.

काही गोष्टी टाळाच. जिच्यासाठी ब्रिटनच्या राजाने गादी सोडली ती वॉलिस सिम्प्सन शांघायमध्ये म्हणे काय काय शिकली, तिची ‘चायना फाइल’ वगैरे: ती फाइल कुणी दाखवलेली नाही, ती गप्पांमध्येच राहते. जपान्यांसाठी हेरगिरी करणारी मांचू राजकन्या कावाशिमा योशिको आणि जपानी अधिकारी तनाका यांचं प्रकरण मोहात पाडणारं आहे. १८ जानेवारी १९३२ ला टॉवेलच्या एका कारखान्याजवळ जपानी भिक्षूंवर हल्ला झाला, त्याचं निमित्त होऊन २८ तारखेला शहरात लढाई पेटली, आणि तो हल्ला तिच्या हातून घडवला असं तनाकाने युद्धानंतर सांगितलं. पण सांगणारा तनाकाच. जुन्या प्रेयसीबद्दल हरलेल्या लष्करी अधिकाऱ्याने दिलेली साक्ष पात्राच्या तोंडी चालते, निवेदकाच्या नको.

यापेक्षा मोठी उणीव तुमच्या खर्ड्यात चिनी माणसं नसण्याची आहे. हमाल आहेत, रिक्षावाले आहेत. पण १९३१ च्या जानेवारीत याच सेटलमेंटच्या पोलिसांनी तरुण चिनी कम्युनिस्टांना बैठकीतून उचललं आणि चिनी अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. ७ फेब्रुवारीला शांघायच्या लुंगह्वा भागात वीसहून अधिक जणांना गोळ्या घातल्या. त्यात पाच डावे लेखक होते, आणि त्या पाचांत रौ श आणि फंग खंग हे प्रेमी युगुल. त्यांच्यासाठी कॉन्सुल नव्हता. त्याच महिन्यात उर्सुलाला मुलगा झाला. तुमची नायिका चौथ्या प्रकरणात ‘या शहरात प्रेम करणं म्हणजे मृत्यूशी खेळणं’ असं म्हणते. ते वाक्य तिच्या तोंडी ठेवायचंच असेल, तर समोर ऐकायला फंग खंगसारखी कुणीतरी हवी.

आता नवव्या प्रकरणाबद्दल, जिथे नवऱ्याला टेबलाच्या खणात पत्रं सापडतात. इतका सराईत हेर पत्रं ठेवेल? त्याऐवजी एक आपलीच वस्तू देतो. शांघायमधले गोरे खिशात रोकड बाळगत नसत. बारमध्ये, क्लबात, दुकानात कागदाच्या तुकड्यावर सही करून निघत. त्या कागदाला ते ‘चिट’ म्हणत, आणि ती आपली चिठ्ठीच, हिंदुस्थानातून गोऱ्यांबरोबर तिकडे गेलेली. महिनाअखेरीला चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन वसुलीला येणारा चिनी कारकून म्हणजे ‘श्रॉफ’, आपला सराफ. तर महिन्याची अखेर. सराफ दाराशी. घरातला नोकर, ज्याला हे लोक पन्नाशीतही ‘बॉय’ म्हणत, चिठ्ठ्या ट्रेमध्ये घेऊन साहेबाकडे जातो. साहेब एकेक बघून रक्कम मांडतो. एका चिठ्ठीवर बायकोची सही, दोन ब्रँडी, आणि तारीख ती, ज्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. बार फ्रेंच कन्सेशनमधला, तिच्या मैत्रिणी जातात त्यातला नाही. साहेब काही बोलत नाही. चिठ्ठी घडी करून खिशात टाकतो आणि पैसे देतो. बॉय ट्रे घेऊन परत जातो, आणि त्याने ती चिठ्ठी आणतानाच वाचलेली असते. त्याला इंग्रजी येत नाही असं घरात सगळ्यांना वाटतं.

बॉय ही माहिती कुणाला सांगतो, हे ठरवलंत की पुढची पाच प्रकरणं आपोआप हलतील.

किरकोळ दुरुस्त्या: नायक ‘ब्रिटिश पोलिसांपासून वाचायला’ अ‍ॅव्हेन्यू जॉफ्रवरून फ्रेंच कन्सेशनमध्ये शिरतो असं लिहिलंय; तो रस्ता कन्सेशनच्या आतच आहे. रशियन बाईला व्हिसा मिळत नाही हा पेच काढा, शांघायला उतरायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून तर ती तिथे आहे. आणि आठवणींच्या प्रकरणात दोघं १९२८ च्या हिवाळ्यात कॅथे हॉटेलात नाचतात. हॉटेल १९२९ मध्ये उघडलं. नाचायचंच असेल तर एक वर्ष थांबवा त्यांना.